लसूण घेतला, गाईचं पित्त का वगळलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'औषधांना न जुमानणाऱ्या गळवांवर आजीबाईचा बटवा' हा लेख वाचला. हळद, मध, कडुनिंब, लसूण, सगळं फडताळ रिकामं केलंय. मधुमेहाचा उल्लेख मात्र कुठेच नाही. पू तपासायला द्यावा, हेही नाही.

लसणाला नॉटिंगहॅम विद्यापीठाचा दाखला जोडलाय. तो खोटा नाही. २०१५ मध्ये तिथल्या संशोधकांनी हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी हस्तलिखितातलं डोळ्यांचं औषध बनवलं आणि त्याने एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू मेले. पण त्यात लसणाबरोबर कांदा, वाइन आणि गाईचं पित्त होतं, मिश्रण नऊ दिवस मुरवलं होतं आणि ते रुग्णांवर वापरलेलं नव्हतं. पित्त आणि वाइन लेखातून का गळाली ते समजू शकते. आजीच्या बटव्यात बाटली शोभत नाही.

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पाठीवर काळपुळी उठली. नणंदबाई असंच एक कात्रण घेऊन आल्या (कुठल्या दैनिकाचं, ते राहू द्या), लसूण वाटून लेप लावला आणि वर फडकं बांधून रात्रभर ठेवला. कच्च्या लसणाने कातडी भाजते, हे कात्रणात नव्हतं. सकाळी काळपुळीभोवती टरारून फोड! सर्जननी पाठ पाहून आधी विचारलं, "आजी, भाजलं कशानं?" नणंदबाईंना नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन आला.

काळपुळी चिरून पू काढावा लागला. तो तपासायला दिला, तर अहवालात औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर'. म्हणजे हे चालणार नाही, तेही चालणार नाही. त्याआधी नाक्यावरच्या औषधवाल्याने चिठ्ठी न बघताच सेफिक्सिम या प्रतिजैविकाच्या गोळ्या हातावर ठेवल्या होत्या. हे औषध एच-१ यादीतलं. २०१४ पासून ते डॉक्टरांची चिठ्ठी पाहून आणि वहीत नोंद करूनच द्यायचं असतं. ती वही मी अजून पाहिलेली नाही. शिवाय अशा गळवांच्या जंतूंवर ते मुळात फारसं चालतच नाही, असं सर्जन म्हणाले. यावर द्या की एखादं रंगीत पान!

आणि लेखात मिरवलेलं ते जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट! डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ते अमेरिकेत रद्द करवलं, याचा अभिमान मलाही आहे. पण ते रद्द झालं कारण जखमेवर हळद लावणं आपल्याकडे आधीपासून माहीत होतं, त्यात नवं काही नव्हतं. हळदीने एमआरएसए बरा होतो, असा निकाल तिथे कुणी दिलेला नाही. मधाचंही तेच. जखमेवर वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो, आपल्या बरणीत मुंग्या पोहतात तो नव्हे.

लेखाखालीच 'गजकर्ण मुळापासून गायब' म्हणणाऱ्या मलमाची जाहिरात होती. त्यात काय काय घातलंय ते भिंगातूनही वाचता आलं नाही. जाहिरात खात्याला आजीबाईंचा बटवा चालतो की बटव्यातले पैसे, एवढं कळवावं.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा

ता. क. मागच्या वेळी माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद जागेअभावी कापला होता. या वेळी कापायचाच असेल तर नणंदबाईंचा कापावा, त्याही आपलंच दैनिक घेतात.