दुभाष्याला पैसे कोण देतो? : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

परदेशातून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढावी, असे सरकारचे धोरण आहे. मी अशाच रुग्णांच्या वॉर्डात काम करणारी परिचारिका आहे. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका रुग्णालयापुरती नाही. इराक, येमेन, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान अशा देशांतून माणसे येतात. काही जण तर घरदार विकून येतात. इथल्या शस्त्रक्रिया चांगल्या होतात, डॉक्टर जीव ओतून काम करतात, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला बोलायचे आहे ते डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेल्या माणसाबद्दल, म्हणजे दुभाष्याबद्दल.

हा दुभाष्या बहुतेक वेळा एजंटबरोबर येतो. एजंट रुग्णाला विमानतळावर घ्यायला जातो, खोली बघून देतो, सिमकार्ड घेऊन देतो आणि कोणत्या रुग्णालयात जायचे तेही तोच ठरवतो. बिलातला काही हिस्सा रुग्णालयाकडून त्याला मिळतो आणि त्यातून तो दुभाष्याला पैसे देतो. आता रुग्णाने विचारले की, ‘शस्त्रक्रिया टाळता येईल का?’, तर तो प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोहोचवणार कोण? ज्याची कमाई त्या शस्त्रक्रियेवर अवलंबून आहे, तो! कुणी मुद्दाम खोटे सांगतो असा माझा आरोप नाही. यातली कितीतरी मुले स्वतः निर्वासित आहेत, ऐकून ऐकून वैद्यकीय शब्द शिकली आहेत, आणि आयसीयूबाहेर नातेवाइकांना धीर देत रात्र काढताना मी त्यांना पाहिले आहे. पण त्यांना धड प्रशिक्षण नाही, ओळखपत्र नाही, आणि ती कुणाला उत्तरदायी आहेत हे कुठेही लिहिलेले नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. अरबी बोलणारी तिशीतली एक बाई हृदयाची झडप बदलण्यासाठी दाखल झाली होती. कोणती झडप बसवायची हे ठरायचे होते. मेकॅनिकल झडप वर्षानुवर्षे टिकते, पण तिच्याबरोबर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन जन्मभर घ्यावी लागते आणि डोस बरोबर आहे का हे पाहायला आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी वारंवार करावी लागते. शिवाय गर्भारपणात वॉरफरिनमुळे बाळाला अपाय होऊ शकतो. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला सहसा जन्मभर वॉरफरिन लागत नाही, पण तरुण वयात ती लवकर खराब होते आणि पुन्हा छाती उघडायची वेळ येऊ शकते. सर्जननी हे सगळे कागदावर चित्र काढून शांतपणे सांगितले. दुभाष्याने त्याची दोन वाक्ये केली. बाईंनी मान डोलावली, नवऱ्याने सही केली, फाइल पुढे सरकली.

या वॉर्डात राहून मला मोडकेतोडके अरबी समजते. त्या दोन वाक्यांत ना बाळ होते, ना रक्ताची तपासणी. मी सर्जनना तसे सांगितले. त्यांनी दुसरा दुभाष्या बोलावला आणि बाईंना म्हणाले, ‘आता तुम्हाला काय कळलं, ते तुम्ही मला सांगा.’ तेव्हा कळले, की बाईंना अजून एक मूल हवे होते आणि त्या राहत होत्या तिथून आयएनआर तपासणारी प्रयोगशाळा दिवसभराच्या प्रवासावर होती. झडप कोणत्या प्राण्याची, हेही त्यांना विचारायचे होते. सगळा निर्णयच फिरला. त्या दिवशी वॉर्डात कुणालाच अरबी कळत नसते तर पहिलीच सही ग्राह्य धरली गेली असती, आणि कागदोपत्री त्यात काहीही खोट निघाली नसती.

गाळलेले वाक्य कुणाला दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात २००३ साली एक अभ्यास आला होता. स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या डॉक्टरांबरोबरच्या १३ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासल्यावर दुभाषांतराच्या ३९६ चुका सापडल्या, म्हणजे भेटीमागे सरासरी ३१. त्यातल्या ६३ टक्के चुकांचा उपचारावर परिणाम होऊ शकला असता, आणि सर्वांत जास्त चुका गाळण्याच्या होत्या. तेही अशा देशात, जिथे स्पॅनिश जाणणारे हवे तितके मिळतात.

आपल्याकडे कायदा अगदीच मुका आहे असे नाही. रुग्णाला पुरेशी माहिती मिळाल्याशिवाय त्याची संमती खरी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी असे आहे. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या मानकांतही तेच. पण ती भाषा कुणाच्या तोंडून यावी, यावर सगळे गप्प. परिणामी इंग्रजी संमतिपत्राखाली फारसी सही आणि बाजूला साक्षीदार म्हणून एजंटचाच माणूस, असे कागद रोज फायलीत लागतात.

अवयव प्रत्यारोपणात तर अंगावर काटा येतो. दाता आणि रुग्ण परदेशी असले, की त्यांच्या नात्याबद्दल दूतावासाचे प्रमाणपत्र लागते आणि प्रत्यारोपणाला परवानगी देणारी प्राधिकार समिती त्यांची मुलाखत घेते. हे योग्यच आहे. पण ‘तुम्ही स्वखुशीने मूत्रपिंड देताय का, कुणाचा दबाव आहे का?’ हा प्रश्न दात्याच्या भाषेत विचारणारा माणूस रुग्णाच्या बाजूनेच आलेला असेल, तर शिक्क्यांचा काय उपयोग?

नातेवाइकांकडून काम भागते, असे व्यवस्थापनातले लोक सांगतात. वैद्यकीय व्हिसावर आलेल्या रुग्णाबरोबर अटेंडंट असतात हे खरे, पण त्यातल्या कुणाला इंग्रजी येत असेलच असे नाही. येत असले तरी, आधी गर्भपात झाला होता का, हे बाईला तिच्या दिरासमोर विचारायचे का? गाठ कर्करोगाची आहे हे सोळा वर्षांच्या मुलाने आईला सांगायचे का? मुलगा ते सांगत नाही. तो म्हणतो, ‘डॉक्टर म्हणतात, बरं होईल.’ मीही त्याच्या जागी तेच केले असते.

मोबाइलमधली भाषांतराची सोय आम्ही दिवसरात्र वापरतो. पाणी हवे का, कुठे दुखते, कूस बदलायची का, एवढ्याला ती ठीक आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी ती चालणार नाही. रात्री दोनला, दुभाष्या घरी गेलेला असताना, रुग्ण छातीवर हात ठेवून काहीतरी सांगतो तेव्हा फार तर तिचा आधार वाटतो, खात्री वाटत नाही.

आणि डिस्चार्ज. आपण गोळ्या ‘१-०-०’ असे लिहून देतो, म्हणजे सकाळी एक. अरबी, फारसी, पश्तू उजवीकडून डावीकडे वाचतात. तीच ओळ त्या बाजूने वाचली तर सकाळची गोळी रात्री जाते. लघवीची गोळी अशी गेली तर रुग्ण रात्रभर उठत बसेल. मधुमेहाचे एखादे औषध असे गेले तर झोपेतच साखर उतरू शकते. मी आता गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देते. माननीय महोदय, एवढ्या मोठ्या धोरणाचा शेवटचा टप्पा नर्सच्या पेनने काढलेल्या सूर्यावर चालावा, हे बरे नव्हे.

इतर देशांनी यावर काम केले आहे. ऑस्ट्रेलियात फोनवरून दुभाष्या देणारी सरकारी सेवा १९७३ मध्ये सुरू झाली. आज १३१ ४५० या क्रमांकावर ती चोवीस तास मिळते. डॉक्टर, रुग्ण आणि दुभाष्या एकाच फोनवर बोलतात. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला पात्र दुभाष्या विनामूल्य द्यावा, असा २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याचा दंडक आहे. मुलांकडून दुभाषांतर करून घ्यायला तिथे आणीबाणी सोडून मनाई आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार यंत्राने केलेले महत्त्वाचे भाषांतर माणसाने तपासावे लागते. जपानने २०१२ पासून परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांसाठी वेगळे प्रमाणन सुरू केले. तिथेही सगळे सुरळीत आहे असा माझा दावा नाही, पण जबाबदारी रुग्णालयाची आहे एवढे तरी तिथे ठरलेले आहे.

माझी पहिली आणि मुख्य मागणी तीच आहे. बिलावर कमिशन घेणाऱ्याने किंवा त्याच्या माणसाने संमतीच्या वेळी दुभाष्या म्हणून बसू नये. तो दुभाष्या रुग्णालयाने नेमावा, पगार रुग्णालयाने द्यावा, संमतिपत्रावर त्याचे नाव आणि सही असावी. छोट्या रुग्णालयांना हे परवडणार नाही, म्हणून अरबी, दारी (अफगाणिस्तानातली फारसी), पश्तू, रशियन, उझबेक अशा भाषांसाठी एक राष्ट्रीय फोनसेवा उभारावी. माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. विद्यापीठांत या भाषा शिकवल्या जातात, आणि आज वॉर्डावॉर्डांत बेभरवशाच्या पैशांवर फिरणारी निर्वासित मुले आहेतच. त्यांना हाकलू नका. प्रशिक्षण द्या, परीक्षा घ्या, ओळखपत्र द्या. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांचा तक्ता रुग्णाच्या लिपीत छापून मिळावा, ही मागणी तर फुकटात पडणारी आहे, कारण दर महिन्याला तेच ते तक्ते लागतात.

आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, असे उत्तर आपल्या कार्यालयातून येऊ शकते. पण वैद्यकीय व्हिसा केंद्र सरकार देते. एजंटांना मान्यता देण्याची योजना एनएबीएचकडे आहे. प्रत्यारोपणाचा कायदा आणि नियम केंद्राचे आहेत. व्हिसासाठी रुग्णालयाचे जे पत्र लागते, त्यात ‘दुभाष्या रुग्णालयातर्फे दिला जाईल’ अशी एक ओळ सक्तीची करायला कोणत्याही राज्याला विचारावे लागणार नाही. गृहमंत्रालयाशी बोलून ही ओळ येत्या वर्षात घालून घ्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
परदेशी रुग्णांच्या वॉर्डातील एक परिचारिका