वाडीच्या शिंपण्याबाबत आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा फोन आईच्या हातात देतात आणि आई चैत्रगौरीच्या तयारीचे बोलू लागते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. वाडीला ठिबक बसवायचे दादाने आणि मी नक्की केले आहे. आगाऊ रक्कम भरून झाली असून सोमवारी सकाळी माणसे नळ्या घेऊन श्रीवर्धनला पोहोचतील. तुम्हाला आधी न विचारता हे ठरवले याचे बाबांना वाईट वाटेल, हे आम्ही दोघेही जाणून आहोत. परंतु विहिरीच्या कठड्याला धरून भर उन्हात बसलेले बाबा शेजारच्या काकूंना दिसले, हे मला त्यांच्याकडून कळले, तुमच्याकडून नाही. त्यानंतर आणखी एक उन्हाळा तसाच जाऊ देणे आम्हाला शक्य नव्हते.

बाबा, तुम्हाला शिंपणे जमत नाही असे आमच्यापैकी कोणीही म्हणत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने आपली वाडी झोपवली, तेव्हा आडव्या पडलेल्या पोफळींमधून वाट काढत तुम्ही पहिल्याच आठवड्यात रोपांची चौकशी सुरू केलीत. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही म्हणून आधी केळी लावल्यात आणि त्यांच्या सावलीत रोपे वाढवलीत. आज त्यांतल्या काहींना सुपारीचे पहिले शिपूट (घड) दिसू लागले आहे, ते तुमच्या कष्टाचे आहे. ते कष्ट वाया जाऊ नयेत, हाच या निर्णयामागचा हेतू आहे.

पाण्याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. आपल्याकडे पाऊस 3,000 मिलिमीटरच्या घरात पडतो, तरी वैशाखात विहीर तळ दाखवते, आणि पाटाने सोडलेले पाणी त्या वाळूमिश्रित जमिनीत शेवटच्या आळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच मुरते. त्यात वीज गेली की ती परत येईपर्यंत तुम्ही फावडे घेऊन पाटाशी थांबता, आणि ती येते नेमकी दुपारी. ठिबकने पोफळीला दिवसाला 15 ते 20 लिटर आणि मोठ्या माडाला 30 ते 40 लिटर पाणी मुळांपाशी मिळाले की पुरते. शिवाय ते पहाटे सोडता येते, त्यामुळे उन्हाने उडून जात नाही. माडाची तोटी खोडाला चिकटवू नये, खोडापासून मीटरभर लांब बसवावी, असे मी त्या माणसांना सांगितले आहे. तरी तुम्ही समोर उभे राहून पाहा, कारण तुमचा शब्द ते अधिक मानतील.

आईच्या फुलझाडांना आम्ही हात लावलेला नाही. मोगरा, अबोली, सोनचाफा आणि तुळस यांना तू पूर्वीसारखेच तांब्याने पाणी घाल. मोगऱ्याला आता कळ्या धरू लागल्या असतील, त्यामुळे आता छाटणी मात्र करू नकोस, ती थंडीतच बरी. मागच्या दारची पाण्याची दगडी दोणी तशीच राहील आणि तिच्यात पाणी भरणारी नळी वेगळी काढायला सांगितली आहे, म्हणजे पूजेच्या फुलांसाठी तुला उतरत्या पायऱ्यांवरून विहिरीकडे जावे लागणार नाही. पाटाच्या कडेचा दगड, ज्यावर बसून तुम्ही दोघे संध्याकाळचा चहा घेता, तोही हलवू नये असे बजावले आहे.

पाट बुजणार म्हणून मलाही वाईट वाटले. पोफळीची मोठी विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद आवरण, गळून पडली की मी तिच्या रुंद टोकावर बसायचे आणि बाबा पानाकडचे टोक धरून मला पाटाच्या कडेने ओढत न्यायचे. विरीची आतली बाजू इतकी गुळगुळीत असायची की वळणावर मी घसरून थेट पाण्यात पडायचे, आणि आई ओरडायच्या आत बाबा मला स्वतःच्या पंच्याने पुसून काढायचे. म्हणून घरापासून विहिरीपर्यंतचा पाट तसाच ठेवायला सांगितला आहे.

आता काही गोष्टी मात्र ऐकायच्याच आहेत. गाळणी दर आठवड्याला धुवावी लागते, उन्हाळ्यात विहिरीचा गाळ वर येतो. परंतु ते काम गड्याने करायचे आहे. तो रोज सकाळी येईल, त्याचा पगार दादा देईल, आणि त्यावरून वाद नको. सुके गवत आणि नारळाची सोडणे आळ्यांत पसरायलाही त्यालाच सांगा, ओल टिकते. पश्चिमेच्या बाजूला वादळाने मोकळी जागा पडली आहे, तिथल्या पोफळींची खोडे दुपारच्या उन्हाने करपतात, तेव्हा त्यांना चुना लावून घ्या. खताचा खड्डा त्याच्याकडून उपसून घ्या. गेंड्या भुंग्याच्या अळ्या तिथेच वाढतात आणि मग भुंगा माडाच्या शेंड्यात शिरतो. मे अखेरीस चर मोकळे झाले पाहिजेत, पोफळीला साचलेले पाणी चालत नाही. पावसात सुपारी कुजवून गळवणाऱ्या कोळेरोगासाठी पहिली बोर्डो फवारणी पावसाआधी व्हायला हवी: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी, हे प्रमाण बाबांना पाठ आहे. परंतु बाबांनी फक्त खुर्चीवर बसून मिश्रण पाहायचे. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला मला कळला, तर मी पुण्याहून निघून येईन.

रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर लगेच घ्यावी. अकरा ते चार या वेळेत दोघांनीही वाडीत उतरू नये. आई, बाबा ऐकत नसतील तर कोकम सरबताचा पेला त्यांच्या हातात दे आणि पडवीतच बसवून ठेव. ते तुझेच ऐकतात.

रागावला असाल तर मनात ठेवू नका, फोनवर मला बोला. वाडी तुमचीच आहे आणि कुठल्या झाडाला काय हवे हे यापुढेही तुम्हीच सांगायचे आहे. सोमवारी माणसे येण्यापूर्वी बाबांनी अशक्त रोपांना सुतळी बांधून ठेवावी, म्हणजे त्यांना दोन-दोन तोट्या लावता येतील. विहिरीकडच्या कोपऱ्यातले रोप विसरू नका, मागच्या वेळी त्याची पाने पिवळी पडली होती.

आपली,
धाकटी