सीटी नॉर्मल आला म्हणून एमआरआयचा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या मेंदूच्या एमआरआयचा खर्च आपण नामंजूर केला. कारण दिलंय : ‘सीटी स्कॅन नॉर्मल असल्याने एमआरआयची वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही.’ पत्र वाचून लातूरच्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

शाळेतून आल्यावर लेकराचा उजवा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं फिट आली असेल. केजहून गाडी करून लातूर गाठलं. तिथे आधी सीटीच केला. तो झटपट होतो आणि मेंदूत रक्तस्राव असला तर त्यात दिसतो. रक्तस्राव नव्हता. पण रक्ताची गुठळी अडकून झालेला पक्षाघात सुरुवातीच्या तासांत सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयच्या ‘डिफ्युजन’ नावाच्या खास चित्रांत दिसतो. लहान मुलांत फिटनंतर किंवा अर्धशिशीतही हात-पाय काही वेळ लुळे पडतात. प्रत्येकाचा इलाज निराळा. म्हणजे सीटी नॉर्मल आला, म्हणूनच एमआरआय करावा लागला! आपण तेच कारण उलटं लावलंत.

एमआरआयमध्ये डाव्या बाजूला ताजा इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून निकामी झालेला मेंदूचा भाग, निघाला, तिथली रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसली. उन्हाळ्यात तिला कांजिण्या आल्या होत्या. त्यानंतर काही महिन्यांनीही असं होऊ शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. अ‍ॅस्पिरिन सुरू झाली ती याच रिपोर्टवर.

भूलतज्ज्ञांचं बिलही ‘अनावश्यक’ म्हणून कापलंय. एवढ्या आवाजाच्या मशीनमध्ये घाबरलेलं, बोलता न येणारं लेकरू अर्धा तास निपचित पडेल का? हललं की चित्र बिघडतं. दाव्याची छाननी करणाऱ्यांच्या घरात लहान मूल नसावं.

एमआरआय आणि भूल, दोन्हींची पूर्ण रक्कम मंजूर करावी. नाकारायचंच असेल तर हा निर्णय कोणत्या डॉक्टरांनी घेतला, ते बालमेंदूविकारतज्ज्ञ आहेत का आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं, हे लेखी कळवावं. फोनवरचं ‘सर, प्रोसेसमध्ये आहे’ पुरे झालं. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे.

सोबत : दोन्ही स्कॅनचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, बिलं, आपलं नामंजुरीचं पत्र.

आपला,
पॉलिसीधारक
केज, जि. बीड