स्क्रीन माझ्याकडं वळवणाऱ्या भावाला

भाऊ, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण पत्र सगळ्यांसमोरच लिहायचं ठरवलं. आमच्या बचत गटाचा बंद पडलेला कम्प्युटर तुम्ही उठवून दिलात, त्याबद्दल गटातल्या बायकांनी तुमचे आभार मानायला सांगितलंय, आणि त्यातल्या कितीतरी जणी आता उसाच्या फडावर आहेत. तिथल्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, कुणाच्या तरी मोबाइलवर हे पोहोचेल. जिला वाचता येत नाही तिला दुसरी वाचून दाखवील.

दसऱ्याच्या तोंडावर आमच्या धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात काय धांदल असते, हे तुम्हाला सांगायला नको. ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, न्यायला गाडी कधी येईल याचा नेम नाही, आणि निघायच्या आधी प्रत्येकीला गटाचा हिशोब मिटवायचा असतो. नेमकी तेव्हाच, अपडेट चालू असताना लाइट गेली आणि कम्प्युटर परत उठलाच नाही. निळा पडदा यायचा, आपोआप बंद व्हायचा, चालू झाला की पुन्हा निळा. बायका दारात येऊन विचारायच्या, "ताई, आमचा हिशोब गेला म्हणायलेत, खरंय का?" मला उत्तर देता यायचं नाही.

रजिस्टर आहेच की, असं पुष्कळांनी ऐकवलं. बचत आणि हप्ते त्यात आहेत, हे खरं. पण कर्जाच्या कारणापुढं रजिस्टरात सगळीकडं 'घरखर्च' असतं, कारण ते रजिस्टर कुणाकुणाच्या हातात जातं. खरं कारण मी कम्प्युटरवर लिहून ठेवते. कुणी लेकीच्या बाळंतपणाला घेतले, कुणी नवऱ्याच्या दारूची उधारी फेडली, कुणी गर्भाची पिशवी काढायला घेतले. हप्ता थकला तर कुणाला सांभाळून घ्यायचं, ते त्यावरूनच ठरतं. या नोंदी जाण्याची भीती होतीच. त्या भलत्याच्या डोळ्यांपुढं जाण्याची भीती त्याहून मोठी होती.

तुमच्याआधी ज्यांच्याकडं गेले त्यांचंही सांगते. एकानं बटण दाबून बघितलं आणि "फॉरमॅट मारावं लागंल" म्हणून मोकळा झाला. आत काय आहे, हे विचारलंसुद्धा नाही. दुसरीकडं कॅबिनेट न उघडताच हार्डडिस्क गेली म्हणाले आणि नव्या मशीनची किंमत सांगितली. अजून एका दुकानात ठेवून जा म्हणाले, आणि तिथंच काउंटरमागचा पोरगा कुणाच्या तरी लॅपटॉपमधले घरगुती फोटो मित्राला दाखवीत हसत होता. मी आमचं कॅबिनेट उचललं आणि बाहेर पडले. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही अंबाजोगाईहून मोटारसायकलवर आलात. चांगल्या चालत्या कम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार करून आणले होतेत. एकावर मायक्रोसॉफ्टच्या टूलनं बनवलेलं विंडोज, दुसऱ्यावर उबुंटू, विंडोजसारखीच दुसरी एक सिस्टिम, जी हार्डडिस्कवर काही न लिहिता पेनड्राइव्हवरूनच चालतं. "आधी तुमचं सामान बाहेर काढू, दुरुस्ती मग," हे तुमचं पहिलं वाक्य. माझा चेहरा बघून तुम्ही १९ जुलै २०२४ ची गोष्ट सांगितलीत. क्राउडस्ट्राइक या कम्प्युटर-सुरक्षेच्या कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख कम्प्युटर असेच निळे पडले होते, विमानं खोळंबली होती, आणि तेव्हाही माणसांना एकेका मशीनपाशी जाऊन ती उठवावी लागली. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी पेनड्राइव्हवरचं टूल काढावं लागलं. ते ऐकून माझा जीव जरा थाऱ्यावर आला.

मग उबुंटू चालू झालं, आणि पासवर्ड न विचारताच आमचे सगळे फोल्डर समोर आले. मी दचकले. तुम्ही समजावलंत, की विंडोजचा पासवर्ड म्हणजे वाड्याच्या पुढच्या दाराचं कुलूप. आपण मागच्या दारानं आलो आणि आतल्या कपाटाला कुलूप नव्हतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कलाच कुलूप घालणारी विंडोजमधली सोय, चालू असतं तर ४८ आकडी किल्लीशिवाय काहीच उघडलं नसतं.

एवढं सांगून तुम्ही मॉनिटर माझ्याकडं वळवलात, माउस माझ्या हातात दिलात आणि खुर्ची भिंतीकडं फिरवून बसलात. "ताई, काय घ्यायचं ते तुम्ही निवडा. मला बघायचं कारण नाही."

कॉपी होईस्तोवर तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलात. फाइल उघडते का ते तपासायची वेळ आली, तेव्हाही मान न वळवता एवढंच विचारलंत, "अक्षरं नीट दिसायलीत ना?" आमच्या गटातली एक बाई तेव्हा उंबऱ्यात उभी होती. तिचं कारण त्या यादीत होतं, आणि तिला ते ठाऊक होतं. सगळा वेळ ती तुमच्या पाठीकडं बघत होती. तुम्ही गेल्यावर म्हणाली, "लेकरू चांगल्या घरचं हाय."

पुढची दुरुस्ती तुम्ही कशी केलीत ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी विंडोज उठलं, हिशोब मिटले, गाड्या गेल्या.

भाऊ, आमच्या बायकांना आपलं दुखणं नेहमी चारचौघांत सांगावं लागतं. दवाखान्यातल्या खिडकीपाशी, बँकेच्या रांगेत, मुकादमापुढं, कुणीही मोठ्यानं विचारतं आणि सगळी रांग ऐकते. त्याची सवय होते असं लोक म्हणतात. होत नाही. म्हणून तुमचं ते भिंतीकडं तोंड करून बसणं आमच्यात अजून बोललं जातं. तुम्ही म्हणालात, ज्या सरांकडं तुम्ही शिकलात ते विंडोज ९८ च्या काळी १.४४ एमबीची स्टार्टअप फ्लॉपी खिशात घेऊन लोकांची मशीनं उठवीत फिरायचे, आणि फाइल उघडायची वेळ आली की मालकाला पुढं बसवायचे. त्या सरांनाही आमचा नमस्कार सांगा.

पैसे तुम्ही फक्त नव्या ८ जीबीच्या पेनड्राइव्हचे घेतलेत. तो विंडोजसकट तयार करून दिलात, वर चिठ्ठी चिकटवलीत: 'उठला नाही तर हा लावा, चालू करताना एफ १२ दाबा.' नोंदींची वेगळी कॉपी मी कपाटात ठेवली आहे, कुलूप लावून.

आता एक काम आहे. ग्रामसंघातल्या बाकीच्या गटांकडंही कम्प्युटर आहेत आणि अशी पेनड्राइव्ह एकीकडंही नाही. गुढीपाडव्यानंतर बायका परत आल्या की एक दिवस या आणि सगळ्यांकडून ती बनवून घ्या. तुमचं मानधन आम्ही ठराव बुकात लिहून, सह्या करून ठेवलंय. या वेळी ते घ्यावंच लागेल.

तुमची,
गटाची सचिव