'आईला मोबाइल जमत नाही' म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरातल्या सत्तरीच्या माणसाच्या हाती नवा फोन आला, की पंधरा दिवसांत एक वाक्य ठरलेले असते: 'कितीदा सांगितलं, तरी लक्षात राहत नाही.' या तक्रारींच्या मुळाशी गेले तर त्यातल्या बऱ्याचशा स्मरणशक्तीच्या नसतात. त्या बोटांच्या, डोळ्यांच्या आणि कानांच्या असतात. त्यांवरचे उपाय फोनमध्येच असतात, पण घरातले कोणी सेटिंग्जमधला 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', म्हणजे सुलभतेच्या सोयींचा विभाग उघडून पाहत नाही.

'ते चित्र (म्हणजे पडद्यावरचे अ‍ॅपचे चिन्ह) आपोआप गेलं' ही तक्रार घ्या. तरुण माणूस पडद्याला टिचकी मारतो. म्हातारे बोट टेकते आणि जरा रेंगाळते. साधारण अर्धा सेकंद रेंगाळले, की फोनच्या लेखी ते 'दाबून धरणे' होते. मग नको तो मेनू उघडतो किंवा चिन्ह सुटून बोटाबरोबर सरकते आणि शेजारच्या चिन्हावर पडून दोघांचे मिळून एक फोल्डर तयार होते. चित्र खरेच गेलेले असते, आजी खोटे सांगत नसतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि तिथे 'टच अँड होल्ड डिले' असा पर्याय असतो. तो 'लाँग' करावा. आयफोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच, 'हॅप्टिक टच' इथे 'स्लो' निवडावे. शिवाय बऱ्याच अँड्रॉइड फोनवर होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद करता येते. ती केली, की चिन्हे हलणे थांबते.

दुसरी अडचण कोरड्या त्वचेची. पडदा दाब ओळखत नाही. बोट टेकल्याने विद्युतभारात होणारा बदल तो ओळखतो. त्वचा कोरडी असेल तर हा बदल क्षीण होतो, नखाने तर जवळजवळ होतच नाही. अशा वेळी माणूस स्वाभाविकपणे जोरात दाबतो. त्याने फायदा शून्य, उलट पुन्हा 'दाबून धरणे' होऊन बसते. हाताला थोडे मॉइश्चरायझर लावून ते जिरू द्यावे, बोटाचे टोक न टेकता गादी टेकावी आणि पडद्यावर जाड काच चिकटवली असेल तर ती काढून पाहावी. वयानुसार बोटांवरच्या रेषाही झिजतात, म्हणून ठसा नोंदवताना एकच बोट वेगवेगळ्या कोनांतून दोनदा नोंदवावे. मात्र फोन बंद करून सुरू केला, की तो ठसा न घेता पिनच मागतो. ठशाच्या सवयीने पिन वापरात राहत नाही आणि नेमका तेव्हाच आठवत नाही. आठवड्यातून एकदा मुद्दाम पिन टाकून फोन उघडण्याची सवय लावलेली बरी.

डोळ्यांसाठी अक्षर मोठे करणे सगळ्यांना सुचते. ते कमाल टोकापर्यंत मात्र नेऊ नये. तसे केले की काही अ‍ॅपमध्ये 'पुढे'चे बटण पडद्याबाहेर जाते आणि माणूस तिथेच अडकतो. टोकाच्या एक-दोन पायऱ्या अलीकडे थांबावे. अक्षराइतकाच प्रश्न उजेडाचा असतो. वाढत्या वयात बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीत दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश उरतो. मुलाला जो उजेड पुरतो तो वडिलांना अंधुक वाटतो, हा वडिलांचा हट्ट नव्हे. चष्मा बायफोकल असेल तर जवळचे पाहायची काच खालच्या भागात असते. व्हिडिओ कॉलसाठी फोन डोळ्यांसमोर उंच ठेवला, की तो वरच्या, दूरच्या काचेतून दिसतो. मग मान मागे टाकावी लागते आणि ती दुखते. फोन छातीच्या उंचीवर, सुमारे ४० सेंटिमीटर अंतरावर धरावा.

कानांचे तर सर्वांत कमी लोक लक्षात घेतात. वयानुसार आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे स, श, थ, फ यांसारख्या व्यंजनांचा भाग. 'आ', 'ओ' शाबूत राहतात. म्हणून आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही आणि 'साठ'चे 'आठ' होते. त्यात जुन्या पद्धतीचा फोनकॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ इतकाच आवाज पोहोचवतो, तर 'स'चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो. ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडल्याने स्वर वाढतात, व्यंजने फारशी नाहीत. सेटिंग्जमध्ये व्होल्टी (४जी नेटवर्कवरून कॉल करण्याची सोय) सुरू ठेवावे, त्यावर आवाजाचा पट्टा रुंद मिळू शकतो. आकडे सुटे सांगावेत: 'साठ' नव्हे, 'सहा शून्य'. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा, म्हणजे ओठ दिसतात. रिंगटोन किणकिणणारी, बारीक नको, जरा भरदार निवडावी.

राहता राहिले शिकवणे. त्यातला मोठा दोष शिकवणाऱ्याचा. 'दे इकडे' म्हणत फोन ओढून तीन सेकंदांत काम उरकले, तर समोरच्याला फक्त वेग दिसतो. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. चिन्हाचे नाव त्यांच्या सहसा लक्षात राहत नाही, जागा राहते. सुटीत येऊन फोन 'साफसूफ' करणारी नातवंडे ती जागाच पुसून टाकतात. फोन बदलायचा झाला, तर जुन्याच्या पहिल्या पानाचा फोटो काढून नव्यावर हुबेहूब तीच मांडणी आधी करावी.

आणि पायऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत, त्यांच्या शब्दांत लिहाव्यात. 'चॅट' नव्हे, 'हिरवं चित्र'. एका कामाला पाच ओळींहून जास्त नकोत. अपडेट आले, की तो कागद फोनशी पुन्हा ताडून पाहावा, कारण चित्राचा रंग किंवा जागा बदललेली असू शकते.

आपला नम्र,
एक वाचक