बाबांचा अंगठा

ती. आई-बाबा,
सा. न.

हे पत्र मोबाईलवर टाइप करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढलीय, अक्षरं मोठी ठेवायला सांगितली. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब लिहिलं की खाली ते 'रीड मोअर' येतं, बाबा तिथपर्यंतच वाचतात आणि मला मेसेज करतात, "मजकूर अर्धाच आला आहे, उर्वरित पाठवणे." मग मी उर्वरित पाठवते आणि त्यालाही रीड मोअर येतं. परवा असं तीनदा झालं. मी ठाण्याला गर्दीत उभी होते, एका हाताने कडी धरलेली, आणि ते 'पाठवणे' वाचून इतकी हसले की शेजारची बाई पण उगाचच हसायला लागली, म्हणून म्हटलं यावेळी सरळ पोस्टानेच पाठवू.

रविवारी फोनवर आई तू सांगितलंस की नोव्हेंबर जवळ आला तसे बाबा गप्प व्हायला लागलेत. मागच्या वर्षी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला काय झालं ते मला तेव्हा तुम्ही दोघांनी नीट सांगितलंच नाही, फक्त "झालं काम" एवढंच. ते सगळं मला होळीला आले तेव्हा कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. मशीनवर चार वेळा अंगठा ठेवला, चारही वेळा नाही आला, मग दुसरी बोटं ठेवली, ती पण नाहीत, आणि काउंटरवरचा मुलगा सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "आजोबा, तुमचा अंगठाच येत नाहीये." मागे उभा असलेला शेतकरी मदतीला म्हणून पुढे आला, "माझा लावून बघा की, माझा लगेच येतो."

बाबा, खरं सांगते, काकूंनी हे शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा मी पोटभर हसले. आणि मग रात्री झोपच लागली नाही, कारण हे आपल्याला जेवताना तुमच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं, तुम्ही त्या माणसाचा आवाज काढून सांगितलं असतं. आपल्या घरात असं काही पोटात ठेवायची पद्धतच नव्हती ना.

मला लहानपणचं जेवण आठवतं. ताटं वाढली की आई विचारायची, "हं, आजचं गाऱ्हाणं काय?" आणि तुम्ही टपाल वाटताना सायकल पंक्चर होऊन चढावर कशी ढकलली ते सांगायचात, नाहीतर खालच्या वाडीतला तो कुत्रा, ज्याला अख्ख्या गावात फक्त खाकी कपड्यांचाच राग होता आणि ज्याच्यासाठी तुम्ही पत्रांच्या पिशवीत भाकरीचा तुकडा ठेवायचात. आई रॉकेलच्या रांगेतलं सांगायची, दोन तास उभं राहून नंबर आला आणि नेमका मोजणारा माणूस जेवायला गेला, आणि ती त्याचं ते डबा उचलून निघून जाणं असं करून दाखवायची की आमच्या नाकातून आमटी यायची. त्या दिवशी घरात रॉकेल नव्हतंच हे मला आत्ता मोठी झाल्यावर लक्षात येतंय. चुलीवर केलं होतंस ना गं सगळं? डोळे लाल झाले होते तुझे.

पण माझं सगळ्यात आवडतं गाऱ्हाणं मनिऑर्डरीचं. त्या काळी आपल्या पाटण भागातल्या घरटी एक माणूस मुंबईला, कोणी मिलमध्ये, कोणी माथाडीत, आणि महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर. तुम्ही ओट्यावर बसून आधी खालच्या कुपनावरचा दोन ओळींचा मजकूर वाचून दाखवायचात, मग पैसे मोजून द्यायचात, मग शाईचं पॅड काढून म्हातारीचा अंगठा. आणि ती एक आजी होती, तिला शाईचा भारी तिटकारा, म्हणायची, "शाई कशाला रं लावतोस बाबा, ह्यो मिश्रीचा हात हाय की, उठंल त्योच." तुम्ही दर महिन्याला तिचा हात धुवायला लावायचात, पुसायला लावायचात, मग स्वतः तिचा अंगठा हातात धरून अलगद फॉर्मवर टेकवायचात. दर महिन्याला तेच भांडण आणि दर महिन्याला तुम्ही ते आम्हाला नवं असल्यासारखं सांगायचात. 1982 चा मिलचा संप झाला आणि मनिऑर्डरी कमी झाल्या तेव्हाचं पण तुम्ही सांगितलंय, ती आजी नुसतीच दारात येऊन बसायची, तुमची सायकल पुढे गेली तरी उठायची नाही.

किती अंगठे उठवले असतील तुम्ही बाबा. एवढ्या लोकांचा अंगठा हातात धरून त्यांना त्यांचे पैसे मिळवून दिले आणि आता तुमचाच अंगठा मशीन मानत नाही, यात तुमचा काहीही कमीपणा नाहीये हे मला आधी सांगायचंय. मी सगळं वाचून काढलं, दोघातिघांना विचारलं. वय झालं की कातडी कोरडी पडते, बोटावरच्या बारीक रेषा सपाट होतात, मशीनला त्या रेषाच लागतात. ज्यांनी आयुष्यभर हाताने काम केलंय, शेतात, धुण्याभांड्यात, त्यांचं तर हमखास होतं. म्हणजे मशीनला बोट वाचता येत नाही एवढंच, ज्याचं बोट तो आहेच की.

आणि उपाय आहेत, चांगले आहेत. एक तर हात कोमट पाण्याने धुवून, पुसून, अगदी थेंबभर तेल चोळून बघायचं, कधी कधी तेवढ्याने पण येतं. दुसरं, आता चेहऱ्यावरून पण दाखला निघतो, 2021 पासून ती सोय आहे, जीवन प्रमाणचं, म्हणजे या हयातीच्या दाखल्याचं, अ‍ॅप आणि आधारचं फेस वालं अ‍ॅप अशी दोन घ्यायची माझ्या मोबाईलमध्ये, तुमचा आधार नंबर आणि पेन्शनच्या कागदावरचा पीपीओ नंबर घालायचा, आणि कॅमेऱ्यासमोर बसायचं. मग ते अ‍ॅप म्हणतं, डोळे मिचकवा. हो, खरंच. उघडझाप केली की त्याला कळतं हा फोटो नाही, जिवंत माणूस आहे. मी इथे शेजारच्या आजोबांचं करून दिलं तर ते आधी इतका वेळ डोळे ताणूनच बसले आणि मग एकदम इतके फडफडवले की आजी म्हणाली, "लग्नात बघायला आले तेव्हा असं केलं असतंत तर मी नकोच म्हणाले असते." आई, तू आत्तापासून तयारीत राहा, तू समोर बसलीस तर बाबांना हसू येणार आणि फोटो हलणार.

तिसरी सोय मात्र मला सगळ्यात जास्त आवडली आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवलीय. पोस्टमन घरी येऊन हा दाखला काढून देतो. पोस्टाच्या पेमेंट बँकेची सेवा आहे, 70 रुपये घेतात, त्यांच्याजवळ मोबाईल आणि मशीन असतं, दाखला झाला की नंबरचा मेसेज येतो. बाबा, विचार करा, तुम्ही ओट्यावर बसलेले आणि पोस्टमन येऊन तुमचा अंगठा हातात धरतोय! त्याला आधी चहा द्यायचा आणि मिश्रीवाल्या आजीची गोष्ट सांगायची, मग अंगठा. आणि नाहीच आला अंगठा तर चेहरा आहेच.

यातलं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय, दोन दिवस राहीन. महिना अख्खा आहे, घाई नाही, आणि समजा उशीर झालाच तरी पेन्शन बुडत नाही, दाखला गेला की थांबलेले पैसे फरकासकट जमा होतात, त्यामुळे रात्रीचं ते जागणं आधी बंद करा.

आता माझं गाऱ्हाणं, म्हणजे तुम्हालाही सांगायला लाज वाटणार नाही. लेडीज डब्यात चढल्या चढल्या आपण बसलेलीला विचारतो ना कुठे उतरणार, म्हणजे तिची सीट आपली. सोमवारी एकीने घाटकोपर सांगितलं, मी तिच्यासमोर चिकटून उभी, घाटकोपर आलं तर ती गाढ झोपलेली. उठवू की नको, उठवू की नको, कुर्ला गेलं, दादर गेलं. शेवटी सीएसएमटीला जाग आली तेव्हा ती माझ्यावरच चिडली, "उठवायचं नाही का?" दोघी प्लॅटफॉर्मवर उभ्या राहून हसत बसलो आणि मी तिला चहा पाजला. आता रोज भेटते, जागा धरून ठेवते माझी. आणि गॅस, तो पुरणपोळीच्या दिवशीच संपला, अर्धं पुरण शिजलेलं, मी पातेलं घेऊन वरच्या मजल्यावर, वरचीचं पण त्याच दिवशी संपलेलं, ती पातेलं घेऊन खाली येत होती, जिन्यात भेटलो. सगळ्या बिल्डिंगने ऐकलं आमचं हसणं.

आई, तुझं पण राहिलंय. पाऊस आला की टीव्ही जातो आणि तू त्या डब्याला थापटी मारतेस एवढं मला कळलंय, बाकीचं तू लपवतेस. गुडघ्याचं, जिन्याचं, औषधाच्या पाकिटावरची अक्षरं दिसत नाहीत ते. मला हे सगळं ऐकायचंय गं. हसण्यासारखं असेल तर हसू, नसेल तर मी काहीतरी करते, पण तिथे दोघांनी गप्प बसून जेवायचं नाही. येत्या रविवारी फोन केला की मी हॅलो म्हणायच्या आधी विचारणार आहे, आजचं गाऱ्हाणं काय.

येताना काय आणू ते कळवा. बाबांची जुनी पिशवी माळ्यावर आहे ना, ती काढून ठेवा, पोस्टमनला दाखवू.

तुमची,
बाळी

ता.क. बाबा, पाकिटावर पिनकोड सहाच्या सहा आकडे नीट, सुटे सुटे लिहिलेत. पत्र कितव्या दिवशी पोचलं ते शिक्क्याची तारीख बघून कळवणे.