इटलीचे दोन आठवडे निवांत करून देणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

परत आल्यावर फोनवर तुमचे आभार मानले खरे, पण त्या फोनवर आईच जास्त बोलली आणि मला जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. शिवाय आता ओळखीतला प्रत्येक जण विचारतो आहे, की आईवडिलांना घेऊन दोन आठवडे परदेशात फिरलात आणि कुणाच्याच चेहऱ्यावर शीण नाही, हे जमवलंत कसं? याचं उत्तर तुम्ही आहात. म्हणून तुमच्या परवानगीने हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव कुठे घालणार नाही, हे कबूल केलंय, ते पाळते.

सहलीचं बोलायला बसलो तेव्हा तुम्ही ठिकाणांचा विषयच काढला नाहीत. आई सकाळी किती वाजता उठते, बाबांना एका दमात किती चालवतं, उशिरा जेवलं तर कुणाला त्रास होतो, भावाला एकट्याने भटकायला आवडतं का, हे विचारून कागदावर टिपून घेतलंत. आईला दुपारी तासभर पाठ टेकावीच लागते आणि बाबांचे गुडघे जिना उतरताना दुखतात, या दोन गोष्टींखाली तुम्ही रेघ मारलीत. पुढचं सगळं त्या दोन रेघांवर उभं राहिलं. मेच्या मध्यावर निघायचं, हेसुद्धा त्यातूनच ठरलं. इटलीत 25 एप्रिल आणि 1 मे या राष्ट्रीय सुट्ट्या, त्यांची गर्दी तोवर ओसरलेली असते, 2 जूनची सुट्टी अजून लांब असते, जुलै-ऑगस्टची काहिली सुरू व्हायची असते आणि अंधार पडायला साडेआठ वाजून जातात. दुपारी खोलीवर परतून पाचला पुन्हा बाहेर पडलं, तरी हातात तीन तासांचा चांगला उजेड उरतो. आईची विश्रांती कशातून तरी वेळ काढून करायची गोष्ट राहिली नाही, ती दिवसाच्या आखणीतच बसली.

दिवस मोजण्याऐवजी तुम्ही रात्री मोजायला लावल्यात. किती गावं बघायची हा प्रश्न बाजूला ठेवून किती वेळा बॅग भरायची, हे आधी ठरवा म्हणालात. मुक्काम बदलायचा म्हणजे सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, पुढच्या गावची खोली दोन-तीनच्या आधी मिळायची नाही, मधला वेळ सामान सांभाळण्यात जायचा. गाडीचा प्रवास दीड तासाचा असो नाहीतर चार तासांचा, अर्धा दिवस गेलाच. म्हणून मुक्कामाची गावं तीनच : रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस. तिन्ही एकाच वेगवान रेल्वेमार्गावर. रोमहून फ्लॉरेन्सला साधारण दीड तास, तिथून व्हेनिसला सव्वादोन तासांच्या आसपास. आणि विमान रोमला उतरणारं, परतीचं मात्र व्हेनिसहून. तिकीट शोधताना मल्टी-सिटी हा पर्याय निवडला की असं तिकीट सरळ मिळतं, हे तुम्ही दाखवलंत. नाहीतर केवळ विमानासाठी व्हेनिसहून पुन्हा रोमला यायचे चार तास आणि वर एक रात्र आम्ही निमूटपणे घालवली असती.

देश एकच ठेवल्यामुळे व्हिसाचं कामही सुटसुटीत झालं. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो, प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा, हे सगळं तुम्ही एका चिठ्ठीवर लिहून दिलंत. त्याबद्दल वेगळे आभार मानत नाही, यादी लांबेल.

पण ज्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले, ते म्हणजे तुमचं यादीतली ठिकाणं गाळणं. घरातल्या प्रत्येकाची आपापली इच्छा होती. बाबांना ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पाँपेई, आईला पिसाचा मनोरा आणि काप्री बेट, भावाला चिंक्वे तेर्रेची समुद्रकाठची गावं, मला जिथे जिथे जुनी चित्रं असतील ते सगळं. अशा वेळी सहसा काय होतं? ज्याचा आवाज मोठा त्याचं ठिकाण राहतं, बाकीचे मन मारतात, किंवा सगळ्यांचं सगळं ठेवून सगळेच धावत सुटतात. तुम्ही कुणाचंही ठिकाण परस्पर खोडलं नाहीत. ज्याचं ठिकाण त्यालाच विचारलंत, "तिथे जाऊन नेमकं काय बघायचंय?"

बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रस्त्यावरून चालायचंय, त्या लोकांची घरं-दुकानं बघायचीत. पाँपेईसाठी रोमहून आधी नेपल्सला जायचं, तिथे उपनगरी गाडी बदलायची, मग उन्हात मैलोन्मैल दगडी रस्ते, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलटा. गुडघ्यांचं काय होणार, हे बाबांनाही कळत होतं. तुम्ही त्यांच्यापुढे ओस्तिया अँतिका ठेवलंत. हे प्राचीन रोमचं बंदर, तिबेर नदीच्या मुखाशी वसलेलं. रोममधल्या पिरॅमिडे मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या फलाटावरून लोकल गाडीने अर्धा तास, तेही शहरातल्या साध्या तिकिटावर. सोमवारी बंद, तेवढं लक्षात ठेवायचं.

काकू, तिथला तो सकाळचा वेळ मी तुम्हाला कसा सांगू! पाइनच्या झाडांच्या सावलीत विटांच्या भिंती, खानावळीचा दगडी कट्टा जसाच्या तसा, आणि नाट्यगृहामागे तो मोठा चौक, जिथे व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. प्रत्येक पेढीसमोर जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांचं चित्र. कुठे शिडाचं जहाज, कुठे दीपगृह, कुठे मासे. एका पेढीपुढे हत्ती होता. ती साब्राथाच्या व्यापाऱ्यांची, म्हणजे आजच्या लिबियातल्या. बाबा त्या हत्तीपाशी वाकून खडे न्याहाळत उभे राहिले, मग पायरीवर बसले, मग पुन्हा उठून बघायला गेले. आम्हाला कुठे पोचायचं नव्हतं, म्हणून कुणी त्यांना "चला" म्हटलं नाही. परत येताना गाडीत ते म्हणाले, पाँपेई राहिलं असं वाटतच नाही. तुमच्या एका प्रश्नाने हे घडवलं, हे तुम्हाला कळायला हवं.

आईलाही तुम्ही तेच विचारलंत, तेव्हा लक्षात आलं की तिला मनोऱ्याचं एवढं नव्हतं, पण निदान एक दिवस तरी गर्दी नसलेल्या छोट्या गावात काढायचा होता. त्यावर तुम्ही लुक्का सुचवलंत आणि तेही तारीख न घालता. फ्लॉरेन्सहून प्रादेशिक गाडीने सव्वा-दीड तास, जागा राखून ठेवावी लागत नाही, ज्या दिवशी मन होईल त्या दिवशी निघा. गावाभोवतीचा तट चार किलोमीटरहून थोडा जास्त, वर रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, आणि चढ नाहीच. आई त्या तटावरून पूर्ण फेरी मारून आली. चिंक्वे तेर्रे आणि काप्री पुढच्या वेळेसाठी राहिले. भावाने थोडी कुरकुर केली, ती तुम्ही ऐकून घेतलीत आणि त्याला बदल्यात एक अख्खा दिवस एकट्याचा दिलात. कुटुंब सहलीला गेलं की चोवीस तास एकत्रच असलं पाहिजे, हा आग्रह तुम्ही इतक्या सहज सोडवलात, की त्याबद्दल घरात चर्चासुद्धा झाली नाही.

मग ती आखणी : दिवसाला वेळ ठरलेली गोष्ट एकच, आणि ती सकाळी. रोमच्या कलोसियमचं, त्या प्राचीन क्रीडागाराचं, तिकीट ठरावीक वेळेचं असतं, त्यावर नाव असतं आणि ते साधारण महिनाभर आधी खुलं होतं, म्हणून तो एक दिवस. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मोफत उघडी आणि म्हणूनच त्या दिवशी टाळायची. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, त्या वेळी तिथल्या सेंट पीटर्स चर्चकडे फिरकू नये. रोमच्याच बोर्गेझे कलादालनात आधी वेळ घेतल्याशिवाय सोडत नाहीत आणि दोन तासांनी बाहेर पडावंच लागतं. फ्लॉरेन्सचं उफीत्सी कलादालन सोमवारी बंद. एवढ्या मोजक्या खुंट्या तुम्ही पक्क्या ठोकून दिल्यात, वेगवान गाड्यांची तिकिटंही आधी काढायला लावलीत कारण ती आधी घेतली तर स्वस्त पडतात, आणि बाकी सगळं कागदाच्या मागच्या बाजूला "जमलं तर" या मथळ्याखाली टाकलंत. तेही मोहल्ल्यांनुसार, म्हणजे जिथे असू तिथलंच जवळचं काहीतरी उचलता यावं.

त्या "जमलं तर"मधूनच सान लुईजी देई फ्रान्चेझी हे चर्च मिळालं. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिरापासून चार पावलांवर, तिकीट नाही. डाव्या बाजूच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं, 1599 ते 1602 या काळात काढलेली आणि अजून ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. कोनाडा अंधारा. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. दिवा विझला की तिथे उभे असलेले सगळे अनोळखी लोक गप्प थांबतात, मग कुणीतरी खिशात हात घालतं. आम्ही तिथे खूप वेळ होतो. डावीकडच्या चित्रात येशू उजव्या कडेला जवळजवळ झाकला गेलाय, दिसतो तो त्याचा चेहरा आणि पुढे केलेला हात. आई म्हणाली, "हा हात कुठेतरी पाहिलाय." आदल्याच दिवशी आम्ही व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छताखाली मान वर करून उभे होतो. त्या छतावरच्या मिकेलांजेलोच्या चित्रातल्या आदमचाच तो हात! चित्रांवर लिहिणारे जाणकार हे सांगतात, पण आईने ते कुठे वाचलं नव्हतं. त्या दिवशी दुसरं काही ठरलेलं असतं, तर पहिला दिवा विझताच आम्ही निघालो असतो आणि तिला ते आठवायला वेळच मिळाला नसता.

व्हेनिसबद्दल मात्र मला तुमच्याही पुढे जाऊन बोलायचंय. तिथे एक दिवस पुरे, असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना मी आता ठामपणे नाही म्हणते. दिवसभराची गर्दी संध्याकाळी आगगाडीने, बसने परत जाते, आणि मगच ते शहर तिथे राहणाऱ्यांच्या वाट्याला येतं. मुक्काम जलबसच्या थांब्याजवळच घ्या, पुलांना पायऱ्या असतात आणि बॅगा हातानेच उचलाव्या लागतात, हा तुमचा सल्ला बाबांच्या गुडघ्यांनी दररोज आठवला. सुटं तिकीट 75 मिनिटांचं आणि साडेनऊ युरोंचं, त्यामुळे पासच काढला आणि मग पुढचा-मागचा विचार न करता बोटीत चढत राहिलो. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यावर प्रत्येक थांबा घेत सावकाश जाते, तिच्यात बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं, हा बाबांचा रोजचा कार्यक्रम झाला. तोर्चेल्लो बेटालाही गेलो. व्हेनिसच्या आधी तिथे भरभराट होती, आता वस्ती अगदी तुरळक आहे. जुन्या कॅथेड्रलच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर ख्रिस्ती श्रद्धेतल्या अंतिम न्यायाचं भलंमोठं मोझेक, म्हणजे खड्यांचं चित्र आहे. ते वरपासून खालपर्यंत बघायला आम्हाला बाकावर बसावं लागलं, आणि आम्ही बसलो.

एक दिवस असाही आला की सकाळपासून पाऊस होता आणि कुणालाच बाहेर पडावंसं वाटेना. खिडकीपाशी चहा-कॉफी, खाली छत्र्यांची ये-जा, बाबांचं वाचन, आईची झोप. एरवी परदेशात असा दिवस गेला की पैसे वाया गेल्याची टोचणी लागते. पण तुमच्या कागदावर "पावसाचा किंवा कंटाळ्याचा दिवस" म्हणून एक चौकट आधीच रिकामी सोडलेली होती. आई ती चौकट दाखवत म्हणाली, "हे बघ, काकूंनी लिहिलंय." आणि पुन्हा झोपली.

काकू, तुम्ही आमच्यासाठी तुमच्या कितीतरी संध्याकाळी दिल्यात. संग्रहालयांच्या वेळा स्वतः तपासल्यात, बाबांशी नकाशा उलगडून बोललात, आईला धीर दिलात. बाबा आता कुणालाही ओस्तियाचा हत्ती वर्णन करून सांगतात, तेव्हा सुरुवात तुमच्यापासून करतात. आईचा आग्रह आहे, की पुढची सहल सिसिलीची करायची आणि तुम्ही केवळ कागद लिहून द्यायचा नाही, बरोबर यायचं. तुम्ही किती वाजता उठता, एका दमात किती चालता आणि दुपारी आडवं व्हायला लागतं का, तेवढं कळवा. यावेळी कागदावर टिपून घ्यायचं काम माझ्याकडे.

तुमचीच,
तुमच्या लेकीची मैत्रीण